जुन्या कूपेला टर्बो लावण्याआधी

टर्बो लावायचं मनात घेतलेला माणूस गॅरेजमध्ये जाऊन पहिला प्रश्न विचारतो, "किती बीएचपी वाढतील?" उत्तरही लगेच मिळतं, गोल आकड्यात. शर्यतीच्या गाडीसाठी हा प्रश्न ठीक आहे. पण जिला रोज सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरून अंबडला कामाला जायचंय, मे महिन्यात एसी चालू ठेवून द्वारका चौकाच्या कोंडीत उभं राहायचंय आणि अधूनमधून कसारा घाट उतरून मुंबईला जाऊन यायचंय, त्या गाडीच्या बाबतीत आधी विचारायचं ते हे की वाढलेली उष्णता जाणार कुठे. टर्बोचा बहुतेक खर्च आणि टर्बोने होणारी बहुतेक नुकसानं याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

कूपे म्हणजे दोन दारांची, बसक्या छपराची गाडी. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच विकल्या गेल्या. कुणाकडे नव्वदच्या दशकातली बाहेरून आणलेली जपानी कूपे असते, कुणी निसानची ३७०झेड जपून ठेवलेली असते. बाकीच्यांनी हौस भागवली ती पॅलिओ १.६ किंवा जुन्या सिटी व्हीटेकवर. दारं जास्त असली म्हणून शास्त्र बदलत नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

अडतं ते हवेवर

पेट्रोल इंजिनात हवं तेवढं ओतता येतं. हवा मात्र हवी तेवढी आत जात नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. १६०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांमागे एकदा आपल्या आकाराएवढी हवा ओढतं. म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला ४८०० लिटर, आणि तेही कागदावर. फिल्टर, थ्रॉटल, व्हॉल्व्ह यांच्या अडथळ्यांतून प्रत्यक्षात त्याहून कमीच आत पोचते. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, म्हणजे साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच कमी. आपल्याला सवय झालेली असते म्हणून ते जाणवत नाही.

टर्बो ही हवेची तूट भरून काढतो. जाळलेल्या पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून गरम धुराच्या रूपात बाहेर जाते. त्या धुराच्या वाटेत एक पंख्याचं चाक बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, आणि त्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेऱ्या घेतो. लहान टर्बोत हा आकडा दोन लाखांपर्यंत जातो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढे तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो विमानांसाठी, कारण उंचावर हवा विरळ. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या ४३०० मीटर उंच डोंगरावर विमानाचं इंजिन नेऊन त्यावर टर्बोची चाचणी घेतली होती.

टर्बो "फुकटची ताकद" देतो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. धुराच्या वाटेत चाक आलं की धूर अडतो, आणि तो ढकलून बाहेर काढायला पिस्टनला थोडं जास्त कष्ट पडतात. तरी हिशेब फायद्याचाच राहतो. टर्बोने दिलेला जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट. गॅरेजमध्ये तो पीएसआयमध्ये मोजतात; सात पीएसआय म्हणजे साधारण अर्धा बार, आणि एक बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब. अर्धा बार जास्त दाब म्हणजे, कागदावर, दीडपट हवा आणि दीडपट ताकद. पण शंभर अश्वशक्तीचं जुनं इंजिन प्रत्यक्षात १३०-१३५ वर येऊन थांबतं. मधली तफावत बहुतेक उष्णतेने खाल्लेली असते.

चाळीस अंशांची हवा पंचाण्णव अंशांवर

सायकलला जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक चटका बसण्याइतकं तापतं. हवा दाबली की ती गरम होते, तेच टर्बोत घडतं, फक्त कैक पटींनी. नाशिकच्या चाळीस अंशांच्या दुपारी अर्धा बार बूस्ट देणाऱ्या, मध्यम कार्यक्षमतेच्या टर्बोतून बाहेर पडणारी हवा पंचाण्णव अंशांच्या आसपास असते. गरम हवा विरळ असते, म्हणजे जी दाटी करायला टर्बो लावला तिचाच काही भाग वाया गेला. त्याहून वाईट म्हणजे ही गरम हवा इंजिनात नॉकिंग घडवते. त्याकडे पुढे सविस्तर येतोच.

म्हणून इंटरकूलर. टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये बसवलेला हवेचा रेडिएटर. चांगला इंटरकूलर त्या पंचाण्णवचे पंचावन्न-साठ करून देतो. पण तो बसतो कुठे? पुढच्या बंपरमागे, एसीच्या कंडेन्सरपुढे, आणि त्यामागे मूळ रेडिएटर. तीन जाळ्या एकामागे एक. महामार्गावर वारा भरपूर मिळतो, तिघींचं भागतं. मुंबई नाक्यावर सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं की वारा शून्य, एसीची उष्णता आणि इंजिनाची उष्णता तिथेच घोटाळते, आणि इंटरकूलर हवा थंड करायच्या ऐवजी स्वतःच तापून बसतो. सिग्नल सुटल्यावर पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्ये गाडी सुस्त वाटते ती यामुळे.

भला मोठा, बंपरमधून चमकताना दिसणारा इंटरकूलर लावायची हौस अनेकांना असते. शहरात रोज चालणाऱ्या गाडीला ती हौस महागात पडते. इंटरकूलर मध्यम हवा, रेडिएटरला जाणारा वारा त्याने अडवता कामा नये, रेडिएटर स्वतः नवा किंवा आतून साफ केलेला हवा, आणि पंखा असा हवा की उभ्या गाडीतही पूर्ण जाळीतून हवा खेचेल. वीस वर्षांच्या गाडीचा रेडिएटर बाहेरून ठीक दिसतो आणि आतून निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात. टर्बोआधी त्यावर पैसे घाला.

नॉकिंग: पिस्टन कसा फुटतो

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

पेट्रोल इंजिनात स्पार्क पडल्यावर आग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरत जाते. ती पोचेपर्यंत टोकाकडचं न जळलेलं मिश्रण दाबलं जात असतं आणि तापत असतं. ते जर इतकं तापलं की ज्योत पोचायच्या आधी स्वतःहून पेटलं, तर एकाच क्षणी सगळं भडकतं आणि दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. बाहेर ऐकू येते ती चढावर जोर लावताना होणारी टणटण किंवा खडखड. हेच नॉकिंग. साध्या इंजिनात ते बऱ्याचदा नुसतं त्रासदायक असतं. बूस्टखाली तेच नॉकिंग काही सेकंदांत पिस्टनच्या रिंगांमधला भाग तोडू शकतं, हेड पॅकिंग, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील, उडवू शकतं.

आता कॉम्प्रेशन रेशो. १०:१ म्हणजे पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते तिचा दहावा भाग पिस्टन वर आल्यावर उरतो. हा आकडा जास्त तितकं इंजिन किफायतशीर आणि चपळ. म्हणून जुन्या स्पोर्टी इंजिनांत तो नऊ-दहाच्या पुढे ठेवलेला असतो. पण टर्बो हवा आधीच दाबून पाठवतो. त्या हवेला पिस्टन आणखी दहा पट दाबणार, म्हणजे तापमान नॉकिंगच्या हद्दीत जाणार. कंपन्यांनी म्हणूनच टर्बोच्या इंजिनांत कॉम्प्रेशन उतरवलं. निसानच्या सिल्व्हिया कूपेची १९९३ची पिढी घ्या. दोन लिटरचं एकच इंजिन दोन रूपांत मिळायचं. साधं १६० पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), त्याचं कॉम्प्रेशन १०:१. टर्बोचं २२० पीएसचं, त्याचं ८.५:१. पिस्टन वेगळे, इंजेक्टर वेगळे. बाहेरून जे "फक्त टर्बो लावलाय" वाटतं, त्यात आतून इतकं बदललेलं असतं.

याच अडचणीवरचा सगळ्यात मजेशीर उपाय ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये होता. १९६२ची ही अमेरिकन गाडी टर्बो घेऊन बाजारात आलेल्या अगदी पहिल्या कारांपैकी एक. ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती, आणि कॉम्प्रेशन तब्बल १०.२५:१. नॉकिंग रोखायला कंपनीने डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण बूस्टच्या वेळी आत फवारायची सोय केली, आणि त्या द्रवाची वेगळी टाकी दिली. लोक ती टाकी भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट तोडायची, मग मालक कंपनीच्या नावाने ओरडायचे. शेवटी अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवले गेले. पाणी-मिथेनॉलचं किट आजही विकत मिळतं आणि काम चोख करतं. पण रोजच्या गाडीचं आयुष्य एका बाटलीवर अवलंबून ठेवायला माझं मन धजत नाही.

इथे एक रास्त शंका येते. आजच्या टर्बो गाड्यांत कॉम्प्रेशन दहा किंवा त्याहून जास्त असतं, त्या कशा चालतात? त्यातल्या पुष्कळ गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तिथे ते वाफ होताना हवेला आतूनच थंड करतं. नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, क्षणाक्षणाला मागे घेतो. इंजिन पहिल्या रेघेपासून टर्बोसाठी आखलेलं असतं. तुमच्या जुन्या कूपेत यातलं बरंचसं नसतं.

मग दोन मार्ग उरतात. इंजिन खोलून कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन घालायचे, किंवा इंजिन न खोलता बूस्ट चार-पाच पीएसआयवर ठेवून टायमिंग सावध लावायचं. तिसरा मार्ग म्हणून जाड हेड पॅकिंग सुचवणारे मिस्त्री भेटतील. त्याने कॉम्प्रेशन उतरतं खरं, पण पिस्टन आणि हेड यांच्यातली जी अरुंद फट मिश्रण घुसळायचं काम करते ती मोठी होते, ज्वलन मंदावतं आणि नॉकिंगची शक्यता ज्यासाठी कमी करायची होती तीच परत वाढते. स्वस्त आहे एवढंच त्याचं कौतुक.

ई२० आल्यावर

नॉकिंगला आवर घालणारा आणखी एक घटक पेट्रोल. ऑक्टेन आकडा जितका जास्त, तितकं ते स्वतःहून पेटायला अवघड. पंपावरचं साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१चं होतं. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० आलं आणि त्याच्या निकषात किमान ऑक्टेन ९५ धरलेलं आहे. इथेनॉल वाफ होताना उष्णताही जास्त शोषतं. टर्बोवाल्यासाठी या दोन्ही गोष्टी चांगल्या. उसाच्या जिल्ह्यात राहून तेवढा फायदा तरी पदरात पडतो.

पण याची दुसरी बाजू बूस्टखाली जीवघेणी ठरू शकते. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. १४.७चा जो आकडा वर दिला तो शुद्ध पेट्रोलचा; ई२०ला तो साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन. संथ चालवताना जुना ईसीयू धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरकडे बघून ही तूट भरून काढतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र बहुतेक जुने ईसीयू सेन्सरकडे बघणं सोडून ठरलेल्या तक्त्यावर चालतात. तो तक्ता जुन्या पेट्रोलचा. म्हणजे नेमक्या सगळ्यात जास्त बूस्टच्या क्षणी मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी), आणि पातळ मिश्रण गरम जळतं. ट्यूनिंग कुठल्या पेट्रोलवर केलं हे म्हणूनच विचारावं लागतं, आणि पुढे तेच पेट्रोल भरत राहावं लागतं.

जुन्या रबराच्या पेट्रोल नळ्या, पंपाच्या सील, टाकीची पॅकिंग इथेनॉलने फुगतात नाहीतर ठिसूळ होतात. तापलेल्या टर्बोशेजारून जाणारी पेट्रोलची नळी गळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. यावर चर्चा नाही.

इंजेक्टर आणि ईसीयू

डिझेलचे इंजेक्टर बनवणाऱ्या मायको (आताच्या बॉश) कंपनीच्या नावाचं मायको सर्कल ज्या शहरात आहे तिथे इंजेक्टर म्हणजे काय हे समजावायला नको, पण सातपूरला ओळखतात ते डिझेलचे. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात इंजेक्टर इनटेकच्या नळीत फवारतो, आणि त्याचा हिशेब मिनिटाला किती सीसी असा असतो. ६००० आरपीएमला सिलिंडरच्या एका पूर्ण चक्राला २० मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्यातला ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये, नाहीतर त्याचं नियंत्रण सुटतं. या हिशेबाने शंभर अश्वशक्तीच्या चार सिलिंडर इंजिनाला १६०-१७० सीसीचे इंजेक्टर पुरतात. १३० अश्वशक्तीला, आणि बूस्टखाली मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवायचं असल्याने, २३०-२४० सीसीचे लागतात. ई२०साठी आणखी थोडे मोठे. पंपही त्याच मापाने.

मोठे इंजेक्टर जुन्या ईसीयूला कळत नाहीत. त्याच्या लेखी वातावरणापेक्षा जास्त दाब ही गोष्टच अस्तित्वात नसते. काही गॅरेज पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर वाढवणारा रेग्युलेटर लावून वेळ मारून नेतात. चार पीएसआयवर ते चालूनही जातं. पण टायमिंगचं काय? बूस्ट वाढला की स्पार्क उशिरा पडायला हवा, आणि ते रेग्युलेटरला जमत नाही. म्हणून बदलता येणारा ईसीयू, किंवा किमान मूळ ईसीयूच्या जोडीला बसणारा पिगीबॅक, आणि त्यासोबत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण आकड्यात दाखवणारा. बूस्टखाली मिश्रण साडेअकरा ते बाराच्या दरम्यान आहे की तेरावर गेलंय हे वाइडबँडशिवाय कुणालाही कळत नाही. धुराचा वास घेऊन सांगणाऱ्या वस्तादालाही नाही.

लहान टर्बो घ्या

१९७३ साली बीएमडब्ल्यूने आपल्या '२००२' नावाच्या दोन दारांच्या गाडीला टर्बो लावून ती बाजारात आणली. साधी २००२ टीआयआय १३० पीएस द्यायची, टर्बोवाली १७०. पण कॉम्प्रेशन ६.९:१वर आणलेलं, टर्बो मोठा आणि इंटरकूलर नाही. खालच्या आरपीएमला गाडी मरगळलेली, आणि मग एकदम वळणाच्या मध्यावर सगळी ताकद दारात हजर. त्यात तेलसंकट आलं. १६७२ गाड्या बनवून प्रकरण संपलं.

चार वर्षांनी साबने ९९ टर्बो दाखवली तेव्हा उलटा विचार केला होता. टर्बो लहान, बूस्ट जास्तीत जास्त ०.७ बार, आणि जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडून देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट. ताकद १४५ पीएस. कागदावर बीएमडब्ल्यूपेक्षा कमी, पण रोज चालवण्याजोगी. आजच्या घरगुती टर्बो गाड्या साबच्याच वाटेने गेल्या.

नाशिकमध्ये कॉलेज रोडला, सिडकोत, पाथर्डी फाट्याला गाडी बहुतेक वेळ पंधराशे ते अडीच हजार आरपीएममध्ये असते. चार हजाराला जागा होणारा टर्बो इथे नुसता ओझं. दोन हजाराच्या थोडं पुढे दाब द्यायला लागणारा आणि साडेपाच हजारानंतर दमणारा टर्बो घ्या. वरचं टोक तुम्ही समृद्धीवरही फारसं वापरणार नाही. विक्रेता मोठा टर्बो "पुढे वाढवायला वाव राहील" म्हणून गळ्यात मारेल. रोजच्या गाडीत तो वाव कधी वापरला जात नाही.

भंगारात मिळणाऱ्या डिझेल गाड्यांच्या टर्बोबद्दलही बोललं पाहिजे, कारण जुगाडाची सुरुवात तिथूनच होते. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. पूर्ण जोरात पेट्रोल इंजिनाचा धूर ८५० ते ९५० अंशांना जातो. डिझेलच्या बदलत्या पात्यांच्या टर्बोतली ती नाजूक पाती एवढ्या तापमानासाठी बनवलेली नसतात; अडकतात, वाकतात. पोर्शाने २००६ मध्ये ९११ टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला अशी पाती दिली तेव्हा त्यासाठी उष्णता सोसणारे खास मिश्रधातू वापरावे लागले. अंबड-सातपूरमध्ये मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा जोड, वेल्ड करून देणारे उत्तम कारागीर आहेत, त्यांच्याकडून स्टेनलेसचा जाड मॅनिफोल्ड जरूर करून घ्या. टर्बो मात्र पेट्रोलसाठीच बनलेला, आणि बेअरिंगला ऑइलबरोबर पाण्याचंही कूलिंग असलेला घ्या.

ऑइलचं एक छोटं पण हमखास चुकणारं काम म्हणजे परतीची नळी. टर्बोतून ऑइल स्वतःच्या वजनाने इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत (संपमध्ये) पडतं, त्यामागे दाब नसतो. नळी जाड आणि सतत उतरती हवी. मध्ये कुठे वर चढली की ऑइल तुंबतं, सीलमधून गळतं, गाडी निळा धूर सोडते आणि बिचाऱ्या नव्या टर्बोवर आळ येतो. सिंथेटिक ऑइल वापरा आणि कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला. कसारा चढून इगतपुरीला थांबलात तर चावी फिरवण्याआधी मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. नाहीतर लाल झालेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून बेअरिंगवर कोळसा धरतो.

फिल्टर मूळ डब्यातलाच ठेवा. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, बंपरमध्ये खाली बसवला तर पावसात साचलेलं पाणी ओढतो, आणि त्यातून निसटलेली धूळ लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना खरवडते.

पैसे आधी कुठे

माझा क्रम लोकांना आवडत नाही, कारण त्यात टर्बो सगळ्यात शेवटी येतो.

आधी इंजिन तपासा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला तासभर पुरतो. आकड्यांत आपसात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा गाडी ऑइल खात असेल, तर टर्बोचा विषय बंद. आधी रिंगा, व्हॉल्व्ह, गरज पडल्यास रिबोअर. पुष्कळदा असं होतं की इंजेक्टर साफ केले, ऑक्सिजन सेन्सर आणि प्लग बदलले, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नवा घातला, की हरवलेला पिकअप परत येतो आणि टर्बोची खुमखुमी आपोआप निवते. त्यात कमीपणा काही नाही. जुनी कूपे कंपनीने बनवली तशी चालणं हाच अर्ध्या लोकांसाठी मोठा अपग्रेड असतो.

मग ब्रेक. वेग १०० वरून १२० केला की गाडी थांबवायला ४४ टक्के जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं: डॉट ४ प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. घाट उतरताना पेडल मऊ लागतं ते बऱ्याचदा याने. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, रबरी होज नव्या घाला, चांगले पॅड घाला. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षं उलटलेला टायर तापलेल्या काँक्रीटवर १२०ने पळवायचा नसतो. सस्पेन्शनची बुशं, इंजिन माउंटिंग आणि क्लच हे त्यानंतर. वाढलेला टॉर्क पहिल्यांदा क्लच घसरवतो. लोअरिंग स्प्रिंगचं नाव काढू नका, शहरातले गतिरोधक तुम्हाला ठाऊक आहेत.

कागदपत्रं

हा भाग कुणाला वाचायला आवडत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "सीसी तीच, इंजिन नंबर तोच, मग कुणाला कळतंय" हा गॅरेजमधला युक्तिवाद आहे, आरटीओतला नाही. आधी लेखी विचारून घ्या. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण करताना ती तपासणीला न्यावीच लागते, आणि पीयूसी तर आहेच. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघडा पडला तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा टर्बोचा खर्च सगळ्यात लहान आकडा वाटायला लागतो. परवानगी मिळत नसेल तर बंद ट्रॅक आणि परवानाधारक मोटरस्पोर्टचा मार्ग आहे. पण मग ती रोजची गाडी उरत नाही.

एवढं होऊनही करायचंच असेल तर ट्यूनर निवडताना त्याला त्याने केलेल्या, दोन वर्षं रोज चालत असलेल्या गाडीच्या मालकाशी बोलणं करून द्यायला सांगा. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद कुणीही दाखवतो. त्या मालकाला विचारा की मे महिन्यात एसी लावून काटा कुठे असतो, अॅव्हरेज किती पडतं, शेवटचं हेड कधी खोललं. आणि काम झाल्यावर ट्यूनरकडून तीन गोष्टी घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका: ईसीयूच्या फाइलची प्रत, कुठल्या पेट्रोलवर ट्यून केलं त्याची लेखी नोंद, आणि चढावर पूर्ण जोर लावून घेतलेला वाइडबँडचा लॉग. त्या लॉगमध्ये बूस्टखाली मिश्रण कुठेही साडेबाराच्या वर गेलेलं दिसलं, तर गाडी तशीच परत गॅरेजमध्ये लावा.